टीबीचा रिपोर्ट कसा वाचायचा आणि आजार किती पुढे गेलाय ते कसं ओळखायचं

रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' आलं की घरची माणसं लगेच विचारतात, बरा होणार ना, आम्हाला लागेल का, किती महिने गोळ्या. आज, आत्ता, हा माणूस नेमका किती आजारी आहे हे मात्र फार कमी जण विचारतात. आणि टीबीने जी माणसं दगावतात त्यातली बरीचशी औषधं सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच जातात, म्हणजे निदान झालेलं असतं, गोळ्याही चालू असतात, तरी जातात. मी लॅबमध्ये बेडका तपासायचं काम करते आणि खिडकीवर रिपोर्ट घ्यायला येणारी माणसं रोज बघते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. टीबी आहे का, औषधाला दाद देणारा आहे का आणि शरीराचं किती नुकसान झालंय हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींचं उत्तर देणारी एकच टेस्ट नाही. तेव्हा कुठला कागद कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो ते समजून घ्या. इथे सगळं फुफ्फुसाच्या टीबीबद्दल आहे, गाठीचा, हाडाचा वगैरे वेगळा विषय.

टेस्टला कधी जायचं

दोन आठवडे किंवा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, भूक मरणं, बेडक्यात रक्त. यातलं एकही असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन बेडका तपासायला सांगा, गोव्यात साखळी वाळपई पेडणे कुठलंही असो, सरकारी कार्यक्रमात टेस्ट फुकट होते. आपल्याकडे जूनपासून चतुर्थीपर्यंत अर्धा गाव खोकत असतो आणि सगळे म्हणतात पावसाचा खोकला आहे, जाईल. दोन आठवड्यांत गेला तर ठीक, नाही गेला तर पावसाला दोष देत बसू नका.

गोव्यात दोन गोष्टी जास्त लक्षात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे डायबिटीस, आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) जो देशभरचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात गोव्यातलं प्रमाण २६.४ टक्के, देशात सगळ्यात जास्त. साखर असलेल्या माणसाला टीबी व्हायचा धोका दोन-तीन पट जास्त असतो, म्हणून घरात शुगरचं कोणी असेल आणि खोकला असेल तर दोन आठवडे मोजत न बसता आधीच दाखवा. दुसरं म्हणजे खाणी, क्रशर, दगडाचं काम. ज्यांनी वर्षानुवर्षं धूळ खाल्ली त्यांच्या छातीत सिलिकोसिस म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार असू शकतो आणि सिलिकोसिसवर टीबी पटकन बसतो, डॉक्टरांना आधीचं काम काय होतं ते आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

लक्षण नाही म्हणजे टीबी नाही असंही नाही. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर जे टीबी सर्वेक्षण झालं त्यात सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण फक्त एक्स-रेमुळे सापडले, नुसती लक्षणं विचारली असती तर ते सुटलेच असते. म्हणून घरात रुग्ण निघाला की बाकीच्यांचा एक्स-रे काढायला सांगतात तेव्हा 'मला काय होतंय' म्हणून टाळू नका.

अजून एक. खोकल्यासाठी फार्मसीतून लिव्होफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक घेऊन येऊ नका. ते टीबीच्या जंतूवरही थोडं काम करतं, चार दिवस बरं वाटतं, बेडक्यात जंतू कमी दिसतात आणि निदान लांबतं. आधी बेडका द्या, मग बाकीचं.

बेडका नीट देणं, इथे अर्धा खेळ आहे

मशीन कितीही भारी असू दे, डबीत लाळ आली तर मशीन लाळेचाच रिपोर्ट देणार. आणि मला रोज ज्या डब्या येतात त्यात पाण्यासारखी लाळ असलेल्या भरपूर असतात, कारण देणाऱ्याला कोणी नीट सांगितलेलंच नसतं, हातात डबी देऊन 'थुंकून आणा' म्हणतात.

सकाळी उठल्याउठल्या, काही खायच्या आधी, साध्या पाण्याने चूळ भरा. माउथवॉश नको. मग मोकळ्या जागी जा, मागच्या परसात, अंगणाच्या कडेला, बाजूला माणूस नको, बाथरूममध्ये दार लावून तर अजिबात नको कारण तिथली हवा कोंडते आणि नंतर जाणारा तीच श्वासात घेतो. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, थोडा धरा, सोडा, आणि मग छातीच्या तळापासून खोकून जे येईल ते डबीत. घट्ट, पिवळसर, चिकट असं हवं, २ ते ५ मिली म्हणजे साधारण एक चमचाभर. येत नसेल तर घाई करू नका, थोडं गरम पाणी प्या, चाला, परत प्रयत्न करा. झाकण घट्ट लावा, नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर लिहिलं तर झाकणं बदलली की सगळा घोटाळा. शक्यतो दोन नमुने घेतात, एक केंद्रावर आल्यावर तिथेच आणि एक सकाळचा. घरून आणताना डबी उभी ठेवा, उन्हात गाडीत विसरू नका, बसने येणार असाल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ लॅबला या, वाटेत बाजार वगैरे नंतर.

लहान मुलांना बेडका काढता येत नाही, गिळतात ती. त्यांच्यासाठी सकाळी पोटातून नळीने पाणी काढून किंवा मिठाच्या पाण्याची वाफ देऊन नमुना घेतात, शीचा नमुनाही मशीनवर चालतो. हे डॉक्टर ठरवतील, पण मुलाचा बेडका येत नाही म्हणून टेस्टच नाही असं होऊ देऊ नका.

रिपोर्टवर काय लिहिलंय

*स्लाइडचा रिपोर्ट.* बेडका काचेवर पसरून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली जंतू मोजतात. नेहमीच्या रंगात असं असतं (फील्ड म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारा भाग), १०० फील्ड बघून १ ते ९ जंतू दिसले तर 'स्कॅन्टी' आणि पुढे आकडा, १०० फील्डमध्ये १० ते ९९ दिसले तर १+, एका फील्डमध्ये १ ते १० तर २+, एकाच फील्डमध्ये १० पेक्षा जास्त तर ३+. ३+ म्हणजे जंतूंचा भार खूप, पसरवण्याची ताकद जास्त, आणि बहुतेक वेळा आत पोकळी असते. पण स्लाइडमध्ये जंतू दिसायला एका मिलीत साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात, म्हणून स्लाइड निगेटिव्ह आली तर टीबी नाही असं म्हणता येत नाही, एवढंच कळतं की जंतू त्या आकड्याच्या खाली आहेत किंवा डबीत लाळ होती.

*मशीनचा रिपोर्ट.* सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, दोन्ही जंतूचा डीएनए शोधतात. ट्रूनॅट तर आपल्या वेर्णाच्या मोलबायो कंपनीचं, बॅटरीवर चालतं, एसीची खोली लागत नाही म्हणून लहान केंद्रांवर नेता येतं, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, गोव्यात बनणारं मशीन आज जगभर टीबी शोधतंय याचा मला खरंच अभिमान वाटतो. सीबीनॅटला साधारण २ तास लागतात, ट्रूनॅटला टीबीसाठी एक तास आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का ते बघायला अजून एक तास. मशीनला एका मिलीत शंभर-सव्वाशे जंतूही पुरतात म्हणून स्लाइडमध्ये सुटलेला इथे सापडतो.

या रिपोर्टमध्ये दोन ओळी बघा. पहिली, टीबीचा जंतू सापडला की नाही, आणि पुढे 'हाय', 'मीडियम', 'लो', 'व्हेरी लो' असं काही. तो जंतूंचा भार, स्लाइडच्या प्लससारखाच अंदाज. सीबीनॅटच्या नव्या अल्ट्रा कार्ट्रिजमध्ये 'ट्रेस' असंही येतं, म्हणजे अगदी पुसटसं, आधी टीबी होऊन गेलेल्या माणसात ते जुन्या मेलेल्या जंतूंचंही असू शकतं, त्यामुळे ट्रेस आला की लक्षणं, एक्स-रे, जुना इतिहास सगळं जोडून डॉक्टर ठरवतात. दुसरी ओळ रिफाम्पिसिनची, 'सेन्सिटिव्ह' म्हणजे औषध लागू पडतं की 'रेझिस्टंट' म्हणजे पडत नाही. 'इंडिटरमिनेट' आलं तर घाबरू नका, बऱ्याचदा जंतू इतके कमी असतात की मशीनला ठरवता येत नाही, दुसरा नमुना देऊन परत करायचं. 'एरर' किंवा 'इनव्हॅलिड' म्हणजे टेस्ट झालीच नाही. मी हे मुद्दाम लिहितेय कारण 'एरर'चा कागद निगेटिव्ह समजून घरी घेऊन जाणारे लोक असतात.

निगेटिव्ह आलं आणि खोकला तसाच आहे

तर गप्प बसायचं नाही. एक्स-रे काढला का ते बघा, नसेल तर काढा. बेडका पहिल्यांदा लाळेसारखा होता का आठवा, असेल तर नवा द्या. एचआयव्ही असेल आणि प्रतिकारशक्ती फार उतरलेली असेल तर बेडक्यात जंतू कमी असतात आणि एक्स-रेही कधी कधी स्वच्छ दिसतो, तिथे डॉक्टर वेगळ्या टेस्ट करतात. कल्चर हा सगळ्यात खात्रीचा मार्ग, जंतू वाढवून बघतात, लिक्विड कल्चरला निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबतात, जुन्या घट्ट माध्यमावर ८ आठवडे. कधी कधी जंतू कुठेच सापडत नाही तरी एक्स-रे आणि लक्षणांवरून डॉक्टर टीबीचं औषध सुरू करतात, ते नियमाप्रमाणेच आहे, त्याला क्लिनिकल निदान म्हणतात.

औषध लागू पडणार का

रिफाम्पिसिन सेन्सिटिव्ह आलं म्हणजे सगळी औषधं चालतील असं धरू नका. आयसोनियाझिड हे दुसरं मोठं औषध, त्याचा रेझिस्टन्स नेहमीच्या सीबीनॅटमध्ये दिसत नाही, त्यासाठी एलपीए नावाची टेस्ट लागते, ती मोठ्या लॅबमध्ये होते. डॉक्टरांना एवढंच विचारा, 'आयसोनियाझिडची टेस्ट पाठवली का?' ज्यांना आधी टीबी झालाय, मध्येच गोळ्या सोडल्यात किंवा घरात रेझिस्टंट टीबीचा रुग्ण आहे त्यांनी तर हे विचारलंच पाहिजे.

या टेस्टवर पैसे घालू नका

रक्तातल्या अँटीबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या टेस्टवर सरकारने २०१२ मध्येच बंदी घातलीय, कोणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. मँटू (हातावर सुई देऊन करतात ती) आणि आयग्रा (रक्ताची) या टेस्ट शरीरात कधीतरी टीबीचा जंतू शिरलाय का एवढंच सांगतात, आज आजार आहे का ते नाही. आपल्या देशात मोठ्या माणसात त्या पॉझिटिव्ह येणं खूप कॉमन आहे. घरच्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं का हे ठरवताना त्यांचा उपयोग होतो, आजारी माणसाचं निदान करताना नाही. ईएसआर ही रक्ताची साधी टेस्ट, तो वाढलेला असतो पण तो शंभर कारणांनी वाढतो.

आता मुख्य, किती पुढे गेलाय

पहिल्याच दिवशी, गोळ्या हातात घेण्याच्या वेळी, चार गोष्टी मोजा. महागडी टेस्ट एकही नाही, वजनकाटा, टेप, घड्याळ आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, जो कोविडपासून अर्ध्या घरांत पडून आहे.

वजन आणि उंची. वजन किलोमध्ये, उंची मीटरमध्ये, उंचीला उंचीने गुणा आणि वजनाला त्याने भागा, तो बीएमआय. उंची १६० सेंमी असेल तर १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६, वजन ३५ किलो, तर बीएमआय १३.७. साधारण १८.५ च्या खाली कमी वजन. १४ किंवा कमी असेल तर अतिशय गंभीर. १६ पर्यंत असेल आणि पायाला सूज असेल तरी तितकंच गंभीर. सूज बघायला घोट्याच्या वर हाडावर अंगठा दाबून धरा, सोडल्यावर खड्डा राहिला तर सूज.

श्वास. माणसाला शांत बसवा, काहीच सांगू नका, बोलत राहिल्यासारखं करून पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजा, सांगितलं की माणूस मुद्दाम हळू श्वास घेतो. २४ पेक्षा जास्त म्हणजे धोका.

ऑक्सिजन. बोटं गरम असू दे, नेलपॉलिश नको, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ९४ च्या खाली म्हणजे धोका.

उभं राहणं. आधाराशिवाय उभं राहता येतं का? नसेल तर धोका.

या चारपैकी एक जरी बिघडलेलं असेल तरी त्या माणसाला गोळ्या देऊन घरी पाठवायचं नाही, हॉस्पिटलमध्ये तपासून घ्यायचं, म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल, मडगावचं जिल्हा हॉस्पिटल किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), जे जवळ असेल ते. हे माझ्या मनातलं नाही, तामिळनाडूने २०२२ पासून टीबीचे मृत्यू कमी करायला राज्यभर नेमकी हीच पद्धत सुरू केली, नव्या प्रौढ रुग्णांना या मापांनी तपासायचं आणि गंभीर निघाले की दाखल करायचं. भरपूर रक्त पडत असेल, गुंगी येत असेल, तीव्र डोकेदुखी आणि मान आखडली असेल तर मापं घेत बसू नका, सरळ १०८ ला फोन.

मग एक्स-रे. रिपोर्टच्या भाषेत अडकू नका, तीन गोष्टी शोधा. पोकळी आहे का, दोन्ही बाजूंना आहे का, किती भाग व्यापलाय. पोकळी म्हणजे फुफ्फुसाचा तो भाग जंतूंनी पोखरून रिकामा केलाय, तिथे जंतूंची संख्या प्रचंड असते आणि औषधाला वेळ लागतो. जुन्या अमेरिकन वर्गवारीत सौम्य, मध्यम आणि फार पुढे गेलेला असे तीन प्रकार करत, पोकळी नाही आणि थोडाच भाग तर सौम्य, पोकळ्यांचा एकूण व्यास ४ सेंमीच्या आत असेल तर मध्यम, त्याच्या वर गेला की फार पुढे गेलेला. आता एक सोपा स्कोअर वापरतात, इंडोनेशियातल्या तिमिका गावात झालेल्या अभ्यासातून आलेला, फुफ्फुसाचा किती टक्के भाग खराब तो आकडा घ्यायचा आणि पोकळी असेल तर ४० मिळवायचे. म्हणजे ३५ टक्के आणि पोकळी असेल तर ७५. त्या अभ्यासात ७१ च्या वर गेलेल्यांचा बेडका दोन महिन्यांनी पॉझिटिव्ह राहण्याची शक्यता जास्त निघाली. टक्के तुम्ही स्वतः काढू नका, पण डॉक्टरांना 'किती भाग गेलाय, पोकळी आहे का' हे नक्की विचारू शकता. दोन्ही फुफ्फुसांत बाजरी पसरल्यासारखे बारीक ठिपके असतील तर तो मिलियरी टीबी, तो रक्तातून पसरलेला असतो, बेडका निगेटिव्ह असला तरी गंभीर. शुगरवाल्यांत आजार नेहमीच्या वरच्या भागाऐवजी खालच्या भागात दिसू शकतो आणि न्यूमोनिया समजून सोडला जातो, हे इथे गोव्यात तर विसरूच नका.

बेडक्याचं प्लस आणि माणसाची गंभीरता हातात हात घालून चालतातच असं नाही. ३+ असलेला माणूस चालत येऊन रिपोर्ट नेतो आणि 'स्कॅन्टी'वाली बाई खुर्चीवरून उठू शकत नाही, हे मी बघितलंय. म्हणून प्लस बघून कोणाला धीर देऊ नका, वजन, श्वास, ऑक्सिजन बघा.

रक्ताच्या टेस्टमध्ये एचआयव्ही आणि शुगर प्रत्येकाची झालीच पाहिजे. हिमोग्लोबिन किंवा अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) उतरलेलं असेल तर शरीर खूप झिजलंय. लिव्हरची टेस्ट आधी करून ठेवली की नंतर गोळ्यांनी काविळीसारखं काही झालं तर तुलना करता येते, दारू घेणाऱ्यांनी हे टाळू नये आणि दारू घेतो हे लपवूही नये.

मुलांमध्ये तर गंभीरतेवर औषधाचे महिनेच बदलतात. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे ३ महिने ते १६ वर्षांच्या मुलांचा टीबी सौम्य असेल, पोकळी नाही, एकाच भागापुरता आहे, तर ६ ऐवजी ४ महिन्यांचा कोर्स देता येतो. मुलाच्या डॉक्टरांशी बोला, स्वतः ठरवू नका.

पुढचे महिने काय बघायचं

एक साधी वही करा. दर आठवड्याला वजन, त्याच काट्यावर, त्याच वेळी. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी निघाला. ४० किलोच्या माणसाला ५ टक्के म्हणजे फक्त २ किलो. नुसत्या पेजेवर ते होत नाही, पेज द्या पण सोबत अंडं, बांगडा किंवा तारले, शिवराक म्हणजे शाकाहारी असाल तर मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची भाजी), अळसांदे (चवळी), शेंगदाणे, दूध. टीबी रुग्णांच्या आहारासाठी सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १,००० झालेत, बँक खातं जोडलंय का ते केंद्रावर विचारा. वजन वाढलं की गोळ्यांची संख्याही बदलू शकते कारण डोस वजनावर असतो, म्हणून वजन दर महिन्याला केंद्रातही नोंदवा.

दोन महिन्यांनी आणि कोर्स संपताना बेडका परत द्यायचा. ही तपासणी स्लाइडवर किंवा कल्चरवर करतात, सीबीनॅट ट्रूनॅटवर नाही, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनए बरेच दिवस येत राहतो आणि मशीन उगाच पॉझिटिव्ह सांगतं. खाजगीत कोणी बरं झालं का बघायला परत सीबीनॅट करून आणतं आणि घर घाबरून जातं, तसं करू नका. दोन महिन्यांनंतरही स्लाइड पॉझिटिव्ह असेल तर औषधाला रेझिस्टन्स आहे का याची टेस्ट लगेच पाठवायला सांगा. बेडका येतच नसेल तर बहुतेक वेळा ते चांगलंच लक्षण, पण ओढूनताणून लाळ देऊ नका, येत नाही असं लॅबमध्ये सांगा.

एक्स-रे कोर्स संपला तरी पूर्ण कोरा होत नाही, जुने व्रण तसेच राहतात. ते बघून उद्या कोणी नवा डॉक्टर परत टीबी म्हणू शकतो, म्हणून कोर्स संपल्यावर काढलेला एक्स-रे फिल्मसकट किंवा मोबाईलमध्ये जपून ठेवा आणि पुढे कधीही छातीसाठी गेलात की सोबत न्या. नंतरची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायचं असतं, खोकला परत आला तर सहा महिने पुरे व्हायची वाट न बघता लगेच, आणि त्या वेळी लॅबमध्ये आधी टीबी झाला होता हे डबी देतानाच सांगा, म्हणजे नमुना कल्चरलाही पाठवता येतो.